सडपातळपणा हा पुरावा नव्हे

श्रावणातल्या एका रविवारी भाची घरी आली ती डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊनच. बंगळुरूत तिचं घर व्हाइटफील्डला, आमचं मल्लेश्वरमला. मॅजेस्टिकला मेट्रो बदलून, पोटुशी असताना, ती एवढ्या लांब आली म्हणजे काहीतरी मनात असणार. चोविसावा आठवडा सरत आला होता. चिठ्ठीवर एकच ओळ होती: ७५ ग्रॅम ग्लुकोज, त्यानंतर रक्त.

"मावशी, हे मी करणार नाहीये," ती म्हणाली. "आणि करायचंच झालं तर साताऱ्याला गेल्यावर बघू." सातारा तिचं माहेर.

मी तीस वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं. गप्प बसणं मला जमणारं नव्हतं. पण आपल्या जुन्या वादपद्धतीचा एक दंडक मला फार प्रिय आहे. समोरच्याचा पक्ष आधी त्याच्यापेक्षाही चांगला मांडून दाखवायचा, मगच खंडनाला हात घालायचा. भाचीचं म्हणणं तिचं एकटीचं नव्हतंच. या शहरात शिकल्यासवरल्या, कमावत्या, वाचणाऱ्या मुलींच्या तोंडून मी ते वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, आणि त्यांच्या आयांकडून वेगळ्या शब्दांत. म्हणून तो पूर्वपक्ष इथे नीट मांडते.

गरोदर राहण्याआधी तिचं वजन एक्कावन्न किलो. आईवडिलांना साखर नाही. रोज चालते, गोडाची आवड नाही. मधुमेह सुटलेल्या अंगाला होतो. तिच्यासारखीला त्याची भीती घालणं म्हणजे धडधाकट बाईला रोगी ठरवणं. शिवाय चाचणीच अनैसर्गिक. एका बैठकीत पंधरा चमचे साखर कोण पितं? कुणालाही एवढं पाजलं तर रक्तातली साखर चढणारच, मग चाचणी रोग शोधते की निर्माण करते? पुढचा मुद्दा जास्त वजनदार. आकड्यांवर डॉक्टरांचंच एकमत नाही. कुणी दोन तासांनंतरची १४० ही रेघ मानतात, कुणी १५३. कुणी उपाशीपोटी ९२च्या वर गेलं की पुरे म्हणतात. अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये मोठे प्रयोग झाले; कडक निकष लावल्यावर रोगी म्हटल्या जाणाऱ्या बायका वाढल्या, बाळंतपणाचे परिणाम मात्र तेच राहिले. आणि एकदा का फाइलवर शिक्का बसला की मागे लागतात सततच्या सोनोग्राफ्या, औषधानं कळा आणणं, सिझेरियन. एवढीच काळजी असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी आहे की. शेवटी फोनवरून तिच्या आईची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, पुस्ती: "आमच्या वेळी कुठं होतं गं हे सगळं? झालीच ना तुम्ही पोरं?"

हा पक्ष पोकळ नाही. यातले दोन मुद्दे मी मान्यच करते, ते पुढे येतील. पण ज्या पायावर सगळी इमारत उभी आहे तो पाया, म्हणजे "मी सडपातळ आहे, म्हणून मला गरज नाही", हा आपल्या माणसांच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. तो चुकीचा असल्याचं दाखवून देणारं महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालं, याचं मला अप्रूप वाटतं आणि ते मराठी घरांपर्यंत पोचलं नाही याचं वाईटही वाटतं.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत गेले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर त्यांनी काम सुरू केलं. शेतात राबणाऱ्या बायका गरोदर राहण्याआधीपासून मोजायच्या, मग त्यांची बाळं मोजायची. या बायकांचं सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होतं. बाळं सरासरी २.७ किलोची, तर साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. इथवर नवल नाही. नवल पुढे होतं. आपली बाळं हातापायांनी बारीक होती, पोटातले अवयव लहान होते, स्नायू कमी होते. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा घेऊन त्वचेखालची चरबी मोजली तर ती जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच भरली. वजन कमी पडलं ते इतर सगळ्यातून. चरबी तेवढी राखली गेली होती. २००३ साली हे प्रसिद्ध झालं आणि 'बारीक तरी चरबीदार' असलेलं भारतीय बाळ जगभरच्या वैद्यकाच्या चर्चेत आलं.

पुढच्याच वर्षी याज्ञिकांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन या सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. वरून पाहिलं तर दोघेही शिडशिडीत. क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांची २१.२. वजनकाटा जे सांगत नाही ते त्या एका फोटोनं सांगितलं. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू शोषून घेतात. ज्याचे स्नायू कमी आणि चरबी जास्त, त्याच्या अंगात इन्सुलिनचा जोर कमी पडतो, मग काटा एक्कावन्न दाखवो की एक्क्याऐंशी.

न्यायशास्त्राच्या भाषेत भाचीचा हेतू, म्हणजे तिनं दिलेलं कारण, 'सव्यभिचार' आहे. जिथे धूर तिथे आग ही व्याप्ती पक्की आहे; जिथे सडपातळपणा तिथे साखर नाही, ही नाही. सडपातळपणा साखरेच्या संगतीतही सापडतो, आणि आपल्या देशात तर पदोपदी सापडतो.

"आईवडिलांना साखर नाही" या वाक्याचंही तेच. मी भाचीला विचारलं, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली? तिला आठवेना. बहिणीला फोन लावला. तिनं तर कधी केलीच नव्हती. म्हणजे साखर 'नाही' असं नव्हतं, 'पाहिलेली नाही' असं होतं. आयसीएमआरनं देशभर केलेल्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहा: भारतात प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के, आणि सगळ्यांत वर गोवा, २६.४ टक्के. चारांत एक. मधुमेहपूर्व अवस्थेतली माणसं यांशिवाय वेगळी.

ज्या ब्रिटिश मार्गदर्शिकेचा दाखला "सगळ्यांची नको, फक्त धोका असलेल्यांची तपासणी" या मताला दिला जातो, ती भाचीनं पुरती वाचली नव्हती. ती मार्गदर्शिका खरोखरच धोक्याची यादी देते: बीएमआय तीसच्या वर, आधीचं बाळ साडेचार किलोचं, आधीच्या गरोदरपणात साखर, सख्ख्या नात्यात मधुमेह. आणि त्याच यादीत आहे, मधुमेह जास्त आढळतो अशा वंशातली बाई. म्हणजे साताऱ्याची मुलगी लंडनला गेली असती तरी तिथल्या डॉक्टरनं तिला ग्लुकोज प्यायला बोलावलंच असतं. धोका पाहून तपासणी करा हे तत्त्व मला मान्य आहे. आपल्याकडे ते तत्त्व प्रामाणिकपणे लावलं की सगळ्याच बायका त्यात येतात.

आता पंधरा चमचे साखर. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून जे संप्रेरक सुटतात ते आईच्या इन्सुलिनचा जोर मुद्दाम कमी करतात, कारण बाळाला साखर पोचायला हवी. निसर्गाचीच योजना आहे ही. निरोगी आईचं स्वादुपिंड त्यावर दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करून तोल सांभाळतं. चाचणी विचारते ते एवढंच की हा तोल सांभाळला जातो आहे का. ७५ ग्रॅम ग्लुकोज हे द्रावण म्हणून भीतीदायक दिसतं. वाटीभर भात, वरण, दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी यांतून जाणारी पिष्टमय द्रव्यं मोजली तर ती याहून कमी भरत नाहीत. फरक वेगाचा आहे, तो मी नाकारत नाही. द्रावण भरभर शोषलं जातं, म्हणूनच वेळ लावून मोजता येतं. पण "कुणालाही पाजलं तर चढणारच" हे खरं नाही. चढते सगळ्यांची, दोन तासांत खाली उतरते बहुतेकींची. जिची उतरत नाही तिची रोजच्या जेवणानंतरही उतरत नसते, फक्त तेव्हा पाहणारं कुणी नसतं. शिवाय तीन तासांची, शंभर ग्रॅमची जी भयकथा मुली वाचतात ती अमेरिकेतल्या दोन टप्प्यांच्या पद्धतीची आहे. आपल्या सरकारी पद्धतीत पाऊण ग्लास नाही, चांगलं तीनशे मिलिलिटर पाणी असतं, ते पाच-दहा मिनिटांत सावकाश प्यायचं असतं, आणि अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा, एवढा सरळ नियम आहे.

बाळाचं काय होतं, हे डेन्मार्कच्या यॉर्गन पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मांडलं ते वर्गात शिकवताना मला थरारक वाटायचं. साखर वार ओलांडते, आईचं इन्सुलिन ओलांडत नाही. आईच्या रक्तातली जादा साखर बाळाकडे जाते आणि ती आवरायला बाळाचं इवलं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवतं. गर्भात इन्सुलिन वाढीचं काम करतं. बाळ चरबीनं भरतं, खांदे रुंदावतात. जन्मल्यावर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात तुटतो, पण इन्सुलिन तसंच वाहत राहतं, आणि बाळाची साखर धोकादायक खाली जाते. आईला या काळात काहीही जाणवत नाही. ना तहान, ना थकवा. असला तर तो गरोदरपणाचाच वाटतो.

"आमच्या वेळी कुठं होतं" याचं उत्तर इथेच आहे. १८२४ साली बर्लिनच्या बेनेविट्झ यांनी गरोदरपणातल्या मधुमेहाची हकीकत लिहिली. ते बाळ बारा पौंडांचं होतं आणि जन्मताना दगावलं. रोग तेव्हाही होता. आपल्याकडे अशा बाळाला दैव म्हणत, आणि जगलं तर कौतुक होई. माझा धाकटा १९८७चा, चार किलो शंभर ग्रॅमचा. भीमच जन्मला म्हणून पेढे वाटले. मला नऊ महिन्यांत फक्त लघवी तपासायला सांगितली होती, रक्तातली साखर एकदाही नाही. पुढे चव्वेचाळीसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला, तोही डोळ्यांपुढे धूसर व्हायला लागलं तेव्हा. त्या गरोदरपणात कुणी एकदा रक्त पाहिलं असतं तर मधली वर्षं मी वेगळी जगले असते, ही खंत मला आहे आणि ती लपवायचं कारण नाही.

एका उदाहरणावरून सिद्धान्त होत नाही हे मीच वर्गात सांगत असे. म्हणून म्हैसूरकडे बघू. तिथल्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात, ज्याला म्हैसूरकर मिशन हॉस्पिटल म्हणतात, १९९७-९८ मध्ये आठशेहून जास्त गरोदर बायका एका अभ्यासात घेतल्या गेल्या. त्यांतल्या ६.२ टक्क्यांना गरोदरपणातला मधुमेह निघाला. पाच वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा तपासलं. ज्यांना तेव्हा साखर होती त्यांतल्या ३७ टक्के बायकांना आता कायमचा मधुमेह झालेला होता. ज्यांना नव्हती त्यांच्यात हे प्रमाण २ टक्के. साखर असलेल्यांचा गट लहान होता, पस्तीसेक बायकांचा, हेही सांगायला हवं. पण इतरत्रचे मोठे अभ्यासही याच दिशेला बोट दाखवतात. म्हैसूरच्या त्या साखर असलेल्या बायकांची मुलं साडेनऊ वर्षांची झाल्यावर मोजली तेव्हा त्यांच्यात चरबी आणि इन्सुलिनला न जुमानण्याची खोड जास्त आढळली. बंगळुरूहून जेमतेम दीडशे किलोमीटरवरची ही मुलं. खुद्द बंगळुरूच्या सरकारी रुग्णालयांतही डॉ. गिरिधर बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली आई आणि बाळांचा असाच माग ठेवायला सुरुवात केली.

मुलींच्या वाचनात हे येत नाही. त्या चाचणीकडे 'बाळ मोठं होईल का' एवढ्याच प्रश्नाची चाचणी म्हणून पाहतात. माझ्या लेखी ती आईच्या पुढच्या वीस वर्षांची पहिली आणि सगळ्यांत स्वस्त खबर आहे.

आता रेघेचा प्रश्न, जिथे पूर्वपक्ष खरोखर बळकट आहे. २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ देशांतली पंधरा केंद्रं, तेवीस हजारांवर बायका, आणि साखरेचे आकडे डॉक्टरांपासूनही लपवलेले. निष्कर्ष असा निघाला की कडा कुठेच नाही, उतार आहे. साखर जसजशी वाढते तसतसा धोका वाढतो, अमुक आकड्याला एकदम उडी मारत नाही. म्हणजे रेघ निसर्गानं ओढलेली नाही, माणसांनी बसून ठरवलेली आहे. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं ती ठरवली: उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३, यांतला एक जरी आकडा गाठला तरी निदान. त्या पंधरा केंद्रांत भारतातलं एकही नव्हतं, ही गोष्टही पूर्वपक्षाच्या बाजूची.

आपल्या सरकारनं २०१४ साली आणि पुन्हा २०१८ साली दिलेली पद्धत वेगळी आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकारानं ती रुजली: जेवलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजा, दोन तासांनी एकदा रक्त बघा, १४० किंवा जास्त आलं तर मधुमेह. एकदा पहिल्या भेटीतच, आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांत. या पद्धतीवर सगळ्यांत नेमकं बोट ठेवलं ते चेन्नईतूनच. डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली १,०३१ बायकांवर पडताळून दाखवलं की उपाशीपोटीच्या चाचणीत ज्या सापडतात त्यांतल्या जेमतेम चौथा हिस्सा बायका जेवणानंतरच्या चाचणीत सापडतात. त्याच शहरात २००९ साली आठशे बायकांवर झालेल्या अभ्यासानं नेमकं उलट म्हटलं होतं, फरकच नाही म्हणून. एका शहरातलं हे खंडन-मंडन अजून संपलेलं नाही, आणि ते उघडपणे चाललं हे वैद्यकाला भूषणावह आहे.

माझं मत विचाराल तर प्रश्न कोणत्या बाईचा यावर ते ठरतं. कनकपुरा रस्त्यावरच्या खेड्यातून दोन बस बदलून प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेली, सकाळी भाकरी खाऊन निघालेली बाई "उद्या उपाशी ये" म्हटल्यावर बहुधा परत येत नाही. तिच्या बाबतीत आज, आत्ता, एकदा रक्त घेणं हेच शहाणपण. भाचीच्या इमारतीखालीच प्रयोगशाळा आहे. तिनं उपाशीपोटी जाऊन तीनदा रक्त द्यावं, म्हणजे सुटण्याची शक्यता कमी.

पण "तज्ज्ञांचं एकमत नाही, म्हणून चाचणीच नको" ही उडी मला मान्य नाही. पूर्वपक्षानं पुढे केलेले दोन प्रयोग नीट वाचा. २०२१ साली अमेरिकेत सुमारे चोवीस हजार बायकांत एका टप्प्याची आणि दोन टप्प्यांची पद्धत ताडून पाहिली. निदान एकीकडे १६.५ टक्के, दुसरीकडे ८.५, बाळंतपणाचे परिणाम सारखे. २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये सैल आणि कडक निकष ताडले. मोठ्या बाळांचं प्रमाण दोन्हीकडे नऊ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही प्रयोग चांगले आहेत. दोन्हींतून एवढंच कळतं की रेघ थोडी वर ओढली तरी मोठं नुकसान नाही, आणि ते मी मानते. पण दोन्ही प्रयोगांतल्या दोन्ही गटांतल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी ग्लुकोज प्यायलेलंच होतं! चाचणी करणं आणि न करणं यांची तुलना तिथे झालीच नाही. दोन चाळण्यांपैकी कोणती बारीक असावी हा वाद होता. त्यावरून पीठ चाळूच नये असं निघत नाही.

निदान झाल्यावर उपचार केले आणि न केले यांची तुलना ऑस्ट्रेलियात झाली, हजार बायकांत, २००५ साली. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं, नस दुखावणं अशा गंभीर गोष्टी नेहमीच्या देखभालीत ४ टक्के, उपचारांच्या गटात १ टक्का. उपचार म्हणजे तरी काय? आहाराचा सल्ला, बोटाला सुई टोचून साखर पाहणं, आणि पाचांतल्या एकीला इन्सुलिन. बाकीच्या चौघी नुसत्या ताटातली मांडणी बदलून निभावल्या.

शिक्क्याची आणि सिझेरियनची भीती हा मी मान्य केलेला दुसरा मुद्दा. ही भीती वेडगळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. इतक्या बायकांचं पोट उघडायची गरज असते यावर माझा विश्वास नाही. ऑस्ट्रेलियाच्या त्या प्रयोगातही उपचारांच्या गटात औषधानं कळा आणण्याचं प्रमाण वाढलं होतं आणि बाळं नवजात कक्षात जास्त गेली. सिझेरियन मात्र दोन्हीकडे सारखीच. २००९च्या अमेरिकी प्रयोगात तर उपचार घेतलेल्या बायकांत सिझेरियन कमी झाली: २६.९ टक्के, उपचार न घेतलेल्यांत ३३.८. आणि आपल्या सरकारी मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलेलं आहे की साखर ताब्यात असेल तर एकोणचाळीस आठवड्यांआधी बाळंतपण उरकायचं कारण नाही, नैसर्गिक प्रसूतीलाच प्राधान्य, सिझेरियन फक्त प्रसूतिशास्त्राच्या कारणांसाठी. तेव्हा डॉक्टरांशी भांडायचंच तर छत्तिसाव्या आठवड्यात भांडावं, हे वाक्य पुढे ठेवून, "कारण सांगा" म्हणून. चोविसाव्या आठवड्यात रक्त न देऊन ते भांडण जिंकता येत नाही; हातातली माहिती तेवढी जाते.

एचबीए१सीचं थोडक्यात सांगते. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, म्हणून हा आकडा खोटा खाली दिसतो. लोहाच्या कमतरतेनं तो खोटा वरही जातो. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्याकडच्या गरोदर बायकांतल्या निम्म्याहून जास्त, ५२.२ टक्के, ॲनिमिया असलेल्या निघाल्या. अशा रक्तात ही सरासरी वाचायची कशी? लघवीतली साखर त्याहून निरुपयोगी, कारण गरोदरपणात निरोगी बाईच्या लघवीतही ती उतरते. आणि नुसतं उपाशीपोटी रक्त म्हणाल, तर २००८च्या त्या अभ्यासातच दिसलं की काही केंद्रांत निदानाच्या चारांत तीन बायका उपाशीपोटीच्या आकड्यानं सापडल्या, तर बँकॉक आणि हाँगकाँगमध्ये चारांत एकच. बाकीच्या तिघी ग्लुकोज प्यायल्यावरच कळल्या.

तरीही एखादीला ते द्रावण पोटात ठरतच नसेल, किंवा विचार करून ती नको म्हणत असेल, तर तो तिचा अधिकार आहे. आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर साखर पाहून लिहून ठेवणं हा मार्ग उरतो. वजन घटवण्याची पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना ग्लुकोज सोसत नाही. त्यांना डॉक्टर स्वतःच हे सुचवतात. ही चाचणीची बरोबरी नाही, पण न पाहण्यापेक्षा कितीतरी बरं. माझा विरोध नकाराला नाही. "मला गरजच नाही" या गृहीतकाला आहे.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त धास्ती वाटली ती भाचीच्या दुसऱ्या वाक्याची: "साताऱ्याला गेल्यावर बघू." पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग माहेरची वाट. चाचणीची वेळ नेमकी हीच, चोविसावा ते अठ्ठाविसावा आठवडा. बंगळुरूच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेली असते, त्यामुळे त्यांच्या मते काम झालेलं असतं. साताऱ्याच्या डॉक्टरांकडे ती येते तेव्हा तिसावा आठवडा उजाडलेला असतो, आणि त्यांना वाटतं, बंगळुरूसारख्या शहरातून आली, सगळं झालंच असेल. कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला 'तायि कार्ड' मिळतं. कन्नडमध्ये तायि म्हणजे आई. महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, दोन्ही राज्यांत. व्यवस्था दोन्हीकडे आहे, पण भाचीसारखी खासगीतली मुलगी दोन्ही कार्डांच्या मधून निसटते. तिच्या ओळखीच्या दोन मुली अशाच निसटल्या होत्या, हे तिनंच मला त्या दुपारी मोजून सांगितलं.

बाळंतपणानंतर तीच गोष्ट पुन्हा. जिला साखर निघाली तिची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी करायची असते, साखर खरोखर गेली का हे पाहायला. त्या वेळी ती माहेरच्या बाळंतिणीच्या खोलीत असते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपातला शिरा समोर असतो, बाळ रात्रभर रडत असतं, आणि फाइल बंगळुरूच्या कपाटात असते. म्हैसूरच्या त्या ३७ टक्क्यांतल्या कितीजणी अशा खोलीतून निघाल्या असतील, हा विचार मला सोडत नाही. लाडू बंद करा असं मी म्हणत नाही. बाळंतिणीला तूप, डिंक, अळीव हवेच. गूळ-साखर किती, हे तिच्या आकड्यानं ठरावं.

मंगळवारी भाची उपाशीपोटी जाऊन आली. दोन तास तिथल्या बाकावर बसून तिनं ऑफिसची कामं उरकली, मळमळलं पण उलटी झाली नाही. तिचा निकाल मी इथे लिहीत नाही. तो चांगला आला असता तर माझं म्हणणं खोटं ठरलं नसतं, आणि वाईट आला असता तर त्यामुळे खरंही झालं नसतं. कागदाच्या दोन प्रती केल्या. एक बंगळुरूच्या फाइलला, दुसरी साताऱ्याच्या पिशवीत, डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीच्या घडीत, म्हणजे विसरायला नको.

तारखेप्रमाणे बाळ झालं तर सहावा आठवडा संक्रांतीच्या सुमारास येतो. तेव्हाही रक्त द्यायला जायचं, निकाल काहीही असो, असं भाचीनं ठरवलंय. नवं कालनिर्णय घरात आलं की त्या आठवड्यावर खूण करायचं बहिणीनं कबूल केलं आहे, आणि त्याच सकाळी तीही उपाशीपोटी येणार आहे, तिच्या जन्मातल्या पहिल्या साखरेच्या तपासणीला.